तिसऱ्या घंटेचं कोडं : तरुण पोरांना नाट्यगृहात आणणारा खेळ कसा रचायचा

नाटकाला पोरं येत नाहीत, ही तक्रार खानदेशातल्या प्रत्येक हौशी संस्थेच्या तालमीत ऐकू येते. चहा संपेपर्यंत तिच्यावर चर्चा होते, मोबाइलला शिव्या देऊन होतात, आणि पुढच्या प्रयोगाला तीच ओळखीची पन्नास डोकी पहिल्या पाच रांगांत बसलेली असतात. पण विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात हीच पोरं एकांकिकेला आणि मूकनाट्याला शिट्ट्या मारून मंडप डोक्यावर घेतात. म्हणजे रंगमंचाशी त्यांचं भांडण नाही. तिकीट काढून, तीन तास, मोठ्या माणसांच्या गर्दीत एकट्यानं बसायचं, हे त्यांना आपलं वाटत नाही.

कोड्यांचा खेळ हे त्यावरचं एक चांगलं औषध आहे. मात्र बहुतेक ठिकाणी तो असा होतो: नाटकावर दहा प्रश्नांची क्विझ, बरोबर उत्तराला तिकिटात सवलत. उत्तरं गुगलवर मिळतात, सवलत ज्याला मुळात यायचंच होतं तो घेतो, आणि बाकीचे विसरून जातात. खेळ आणि नाटक यांचा एकमेकांशी संबंधच नसतो.

म्हणून सगळ्यात आधी हा एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: कोड्याचा शेवटचा तुकडा फक्त नाटकात मिळाला पाहिजे. खुर्चीत बसल्याशिवाय खेळ पूर्ण होता कामा नये, आणि खुर्चीत बसल्यावर मान खाली घालून खेळायची गरज पडता कामा नये. खाली जे काही सांगितलं आहे ते या दोन अटी सांभाळण्यासाठीच.

कोणासाठी, कुठला प्रयोग

कोडी सुचायला लागण्याआधी एखाद्या कॉलेजच्या कट्ट्यावर जाऊन बसा आणि विचारा, “का येत नाही रे?” उत्तरं नाटकाबद्दल फार कमी असतात. “सुटल्यावर गाडी मिळत नाही.” “होस्टेलचं गेट बंद होतं.” “तिकीट कुठे मिळतं तेच माहीत नाही.” “एकटा काय येऊ, भो?” धरणगाव, एरंडोल, पाचोऱ्याहून रोज अपडाउन करणाऱ्या मुलीला रात्री साडेनऊचा प्रयोग म्हणजे प्रश्नच मिटला. तिच्यासाठी कितीही भारी कोडं रचा, ती येणार नाही. दुपारचा किंवा संध्याकाळी पाचचा प्रयोग ठेवा. निम्मं काम तिथेच होतं.

‘एकटा काय येऊ’ याचं उत्तर खेळाच्या रचनेत द्यायचं. टीम चौघांचीच. तिघांची चालणार नाही, पाच जणांची नाही. प्रत्येकाच्या हातात कोड्याचा एकेक तुकडा, म्हणजे एकाला डावलून बाकीच्यांना पुढे जाता येत नाही. दहा टीम पुरे, चाळीस पोरं. पहिल्याच खेपेला दोनशेचं स्वप्न बघू नका. ते सांभाळायला तुमच्याकडे माणसं नाहीत.

प्रयोग निवडताना राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग टाळा. परीक्षक समोर बसलेले, वेळेचं बंधन, आणि पडदा पडला की सेट उतरवायची घाई. आपल्याला प्रयोगानंतर अर्धा तास रंगमंच लागणार आहे. जळगावचं संभाजीराजे नाट्यगृह असो, धुळ्याचं शाहू नाट्यमंदिर असो की नंदुरबारचं शिवाजी महाराज नाट्यमंदिर, बुकिंग करतानाच हा अर्धा तास सत्रात धरा आणि व्यवस्थापकांना स्पष्ट सांगा. आयत्या वेळी वॉचमन दिवे मालवायला लागला तर सगळा खेळ मातीत.

महिना नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीपासून बारावीच्या परीक्षा, आणि मार्चनंतर आपल्याकडचं ऊन. भुसावळ-जळगावच्या एप्रिलमध्ये पोरांना चौकाचौकात क्लू शोधायला पाठवणं हा गुन्हा समजावा. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण. खेळाची सुरुवात त्या दिवशी केली तर प्रसिद्धीलाही निमित्त मिळतं.

नाटकापासून उलटं मागे या

कोडी पहिल्या दिवसापासून पुढे रचत गेलात तर शेवटी ती नाटकाला कशीबशी चिकटवावी लागतात. उलट करा. तालमीत बसा, वही घ्या आणि फक्त प्रयोगातच दिसतील अशा गोष्टी टिपा: कुठली वस्तू कुणाच्या हातून कुणाकडे जाते, कुठला दिवा कधी मंद होतो, कोण कुठल्या विंगेतून आत येतो आणि दुसऱ्याच विंगेतून जातो.

समजावण्यापुरतं एक काल्पनिक नाटक घेऊ. एक जुनी जिनिंग फॅक्टरी, तिथला म्हातारा मुनीम, आणि एक रोजमेळाची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची, वही जिची जमा-नावे जुळत नाही. सेटवर चार वस्तू वावरतात: वही, कंदील, छत्री आणि टोपी. गोष्ट पुढे सरकते तशा त्या एकेक करून रंगमंचावरून कायमच्या जातात. आधी छत्री, मग वही, मग टोपी, आणि शेवटच्या प्रवेशात कंदील.

हा क्रम आपल्याला हवा आहे. तो संहितेत एका जागी लिहिलेला नाही, कुणी चटकन व्हॉट्सअॅपवर पाठवू शकत नाही, आणि तो लक्षात ठेवायचा म्हणजे नाटक बघावंच लागतं. वस्तू मात्र अशाच निवडा ज्यांच्यावर गोष्टीचा भार आहे. कोपऱ्यातल्या कॅलेंडरची तारीख विचारलीत तर पोरं तीन तास कॅलेंडरकडे बघत बसतील आणि मुनीम मेला तरी त्यांना कळणार नाही. नाटकाचा शेवट उघड करणारी वस्तूही आधीच्या कोड्यात नको. दिग्दर्शकाला यादी दाखवा. तो किंवा ती “हे नको” म्हणाली तर वाद घालू नका.

तीन घंटा, तीन टप्पे

नाट्यगृहात तीन घंटा होतात, आपला खेळही तसाच. पहिली घंटा कॉलेजात: दहा मिनिटांत सुटणारं, चटक लावणारं. दुसरी गावात: दीड-दोन तासांची भटकंती, तिच्या शेवटी तिकीट हातात. तिसरी नाट्यगृहात. पहिल्या आणि शेवटच्या घंटेत तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका, पोरांचा उत्साह तेवढाच टिकतो.

पहिली घंटा: दिव्यांचा गण

शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ पाठ केलेलं असतं, कशासाठी ते कोणालाच आठवत नाही. कवितेच्या वृत्तात तीन अक्षरांचा एक गण धरतात; ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू. या ओळीत एक गंमत दडलेली आहे. प्रत्येक अक्षरापासून पुढची तीन अक्षरं घ्या, त्याच गणाचे लघु-गुरू मिळतात. य-मा-ता म्हणजे लघु-गुरू-गुरू, यगण. भा-न-स म्हणजे गुरू-लघु-लघु, भगण. आठ गण, आठ वेगवेगळ्या रचना, एकही पुन्हा येत नाही. आणि ओळीतल्या जागेवरून प्रत्येकाला आकडा: य १, म २, त ३, र ४, ज ५, भ ६, न ७, स ८.

आता रंगमंचावर तीन स्पॉट, म्हणजे झोताचे दिवे, एका ओळीत लावा. पेटलेला दिवा गुरू, विझलेला लघु. प्रेक्षकांतून चार फोटो काढा आणि पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर छापा.

पहिल्या कार्डावर डावा दिवा बंद, बाकी दोन चालू: यगण, १. मागे लिहिलेलं, ‘वही’.
दुसऱ्यावर मधला बंद, कडेचे चालू: रगण, ४. मागे ‘कंदील’.
तिसऱ्यावर तिन्ही बंद: नगण, ७. मागे ‘छत्री’.
चौथ्यावर फक्त डावा चालू: भगण, ६. मागे ‘टोपी’.

टीममधल्या प्रत्येकाला एक कार्ड. सोबत कुठलीही सूचना नाही, फक्त ‘यमाताराजभानसलगं’ छापलेली एक चिठ्ठी आणि एक क्यूआर कोड. वस्तूंची नावं कशासाठी आहेत, तेही सांगायचं नाही. ती नंतर लागणार आहेत.

तिसरं कार्ड नुसतं काळं छापून येतं आणि पोरांना वाटतं झेरॉक्सवाल्यानं घोळ केला. त्यावर पांढरी चौकट ठेवा आणि चारही कार्डांच्या कोपऱ्यात १ ते ४ क्रमांक घाला. अंधारसुद्धा एक उत्तर आहे हे ज्या क्षणी एखादीच्या डोक्यात येतं, त्या क्षणी टीम तुमची झाली.

क्यूआर कोड गुगल फॉर्मवर नेतो. फॉर्ममध्ये ‘छोटं उत्तर’ प्रकारचा प्रश्न घ्या, तो अनिवार्य करा आणि ‘प्रतिसाद प्रमाणीकरण’ (Response validation) ही सोय वापरा, म्हणजे १४७६ हे बरोबर उत्तर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. अर्धे फोन देवनागरी आकडे टाइप करतात, अर्धे इंग्रजी. दोन्ही चालतील अशी अट घाला, नाहीतर बरोबर उत्तर देऊनही टीम अडकते. शक्य तिथे उत्तर आकड्यातच मागा. शब्द मागितला की ऱ्हस्व-दीर्घाचे दहा प्रकार येतात आणि तुम्ही रात्रभर फोनवर व्याकरण शिकवत बसता. चुकीच्या उत्तराला जो संदेश दिसतो तिथे ‘चूक’ असं न लिहिता छोटी दिशा द्या: ‘दिवा पेटला की अक्षर जड होतं.’

एखादा हुशार मुलगा फॉर्मच्या पानाचा सोर्स उघडून उत्तर काढेल. काढू द्या. त्याला पुढच्या खेपेला तुमच्या टीममध्ये घ्या.

दुसरी घंटा: गाव

इथे मोह फार होतात. प्रत्येक शहराला स्वतःची कोड्याची जागा असते, ती शोधा आणि तिथेच थांबा. चार ठिकाणं पुरे, सगळी चालत जाण्याच्या अंतरावर.

जळगावला काव्यरत्नावली चौक सोडून सुरुवातच करता येणार नाही. संध्याकाळी पोरांनी भरलेला असतो, आणि हे नाव एका मासिकाचं आहे हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. १८८७ मध्ये नारायण नरसिंह फडणीसांनी जळगावातून फक्त कवितेला वाहिलेलं हे मासिक सुरू केलं. क्लू एवढाच: ‘जिथे रोज बसता, त्या जागेच्या नावानं कधीकाळी दर महिन्याला कविता छापून यायच्या. तिथे छत्रीवाला शोधा.’ चौकात तुमचा एक नट छत्री घेऊन उभा. उन्हाचं नाव नाही, पावसाचा थेंब नाही, छत्री उघडलेली. त्याला बरोबर प्रश्न विचारला तर तो पुढचा कागद देतो, नाहीतर हवापाण्याच्या गप्पा मारतो. छापील क्लूपेक्षा जिवंत माणूस पोरांना कितीतरी जास्त आवडतो. आणि नाटक म्हणजे काय हे त्यांना तिकीट काढायच्या आधीच कळतं: समोर एक माणूस उभा आहे, आणि तो दुसराच कोणी आहे.

धुळ्याचं काम सोपं आहे. तिथे गल्ल्यांना नंबरच आहेत, म्हणजे आकडा मिळाला की पत्ता मिळाला. रोजमेळातली जमा-नावे यांची बेरीज जुळवा, जो फरक येईल ती गल्ली. नंदुरबारला लेखी कोड्यांवर भर नको. वर्गात मराठी लिहिणारी पण घरी भिली, पावरी, अहिराणी बोलणारी पोरं एका टीममध्ये असतात, तर एकच निरोप तीन बोलींत तुकडे करून ऑडिओवर द्या. प्रत्येकाला थोडा कळतो, पूर्ण कोणालाच नाही. जिची भाषा वर्गात कधी विचारली गेली नाही तिच्यावाचून टीम अडते, आणि हे मला सगळ्या खेळात सर्वांत मोलाचं वाटतं. अहिराणी वाक्य मात्र अहिराणी बोलणाऱ्याकडूनच लिहून घ्या; जळगाव-यावलची लेवा बोली आणि साक्रीची अहिराणी एक समजून लिहिलंत तर दोन्हीकडून हसं होईल.

काही जागा वर्ज्य. बालकवी धरणगावचे, आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, म्हणून कोणाला तरी भादलीला क्लू ठेवायची कल्पना सुचतेच. रूळ आणि रेल्वेची हद्द, नाव काढू नका. नंदुरबारला हुतात्मा शिरीषकुमारांचं स्मारक गावात मधोमध आहे. १९४२ मध्ये गोळी झेललेल्या शाळकरी मुलाच्या स्मारकापाशी पोरांनी चिठ्ठ्या शोधत धावणं शोभत नाही. नदीचं पात्र, पडके वाडे, मोठा रस्ता ओलांडावा लागेल अशी जागा, हेही नाही. दुकानात क्लू ठेवायचा तर मालकाला आधी विचारा आणि त्याचा चहा प्या. भिंतीवर काही चिकटवू नका. सगळं उजेडात संपवा, अठरा वर्षांखालच्यांच्या घरी कळवा, आणि नोंदणीत नाव आणि एका फोन नंबरपलीकडे काही मागू नका.

शेवटचा क्लू तिकीट खिडकीवर. पोरांनी स्वतः खिडकीपाशी उभं राहून खुर्च्यांचा प्लॅन बघायचा आणि चार खुर्च्या निवडायच्या. तिकीट फुकट देऊ नका. अर्ध्या दरात द्या, वीस-तीस रुपये का होईना खिशातून जाऊ द्या. फुकटचं तिकीट पावसाच्या पहिल्या सरीला घरी राहतं. आणि या चाळीस खुर्च्या मागे ढकलू नका. मधल्या रांगा त्यांच्या.

अडलेल्यांना किती मदत

प्रत्येक कोड्याला तीन हिंट आधीच लिहून ठेवा: पहिली नुसतं लक्ष वेधणारी, दुसरी पद्धत सांगणारी, तिसरी जवळजवळ उत्तर. हिंट मागितली म्हणून गुण कापू नका. व्हॉट्सअॅपवर हिंट देणारा तुमचा माणूस ‘मुनीमजी’ म्हणून बोलेल, त्यांच्या हिशेबी भाषेत. रात्री दहानंतर मुनीमजी झोपतात, हेही जाहीर करा. नाहीतर तुमच्या माणसाला झोप मिळणार नाही.

रंगीत तालीम खेळाचीही

नाटकाशी काही देणंघेणं नसलेली चार पोरं आणा. कार्डं द्या आणि गप्प बसा. हेच अवघड जातं, तोंड उघडायचं नाही. ती कुठे अडली, किती वेळ अडली, कुठे चिडली, कुठे हसली, एवढंच लिहा. पंधरा मिनिटं एकाच जागी अडली तर कोडं बदला, पोरं नाही. रचणाऱ्याला कोडं नेहमी सोपं वाटतं, कारण उत्तर त्याला माहीत असतं.

तिसरी घंटा: नाट्यगृह

दारात फोन बंद. कार्डं खिशात. नाटक चालू असताना लिहायचं नाही, कुजबुजायचं नाही, आणि हे मुनीमजींनी आधीच्या निरोपात सांगितलेलं असावं, सूत्रसंचालकानं नव्हे. याच निरोपात एक ओळ: ‘माझ्या चार चिजा गेल्या. ज्या क्रमानं गेल्या, त्या क्रमानं हिशेब मांडा.’ मध्यंतरात त्यांना काही देऊ नका. वडा खाऊ द्या, भांडू द्या, “छत्री आधी गेली का वही?” यावर पैजा लावू द्या. ही पैज लागली तर खेळ जमला.

पडदा पडला, टाळ्या झाल्या, नटांनी नमस्कार केला की दहाही टीमना रंगमंचावर बोलवा. मधोमध एक लोखंडी पेटी, तिला चार आकडी कुलूप. चारच का? तीन आकडी कुलपाचे हजार पर्याय असतात, चिकाटीची पोरं अर्ध्या तासात सगळे फिरवून टाकतात. दहा हजार कोणी फिरवत नाही.

कॉलेजातल्या आकड्यांना नाटकातला क्रम लावला तर छत्री, वही, टोपी, कंदील म्हणजे ७१६४. कुलूप उघडत नाही. पुन्हा लावतात, उघडत नाही. क्रम बदलून बघतात, तरी नाही.

इथे वरचे तीन स्पॉट पेटवा आणि थांबा. पोरं रंगमंचावर उभी आहेत, प्रेक्षागृहाकडे तोंड करून. फोटो काढले तेव्हा कॅमेरा खुर्च्यांत होता. नटाच्या बाजूनं बघितलं की डावा दिवा उजवा होतो. यगण उलटला की गुरू-गुरू-लघु, तगण, म्हणजे वही १ नव्हे, ३. भगण उलटला की सगण, टोपी ६ नव्हे, ८. रगण आणि नगण दोन्हीकडून सारखेच, म्हणून कंदील आणि छत्री तशाच. आता छत्री, वही, टोपी, कंदील: ७३८४. कुलूप उघडतं. (आधी य आणि भ मुद्दाम निवडले होते ते यासाठी. नुसते उलटूनही न बदलणारे गण घेतलेत तर हा सगळा डाव फुकट जातो.)

कोणालाच सुचलं नाही तर मुनीमाचं काम करणारा नट मेकअपसकट विंगेतून येतो आणि एवढंच म्हणतो, “तिथं तुम्ही प्रेक्षक होते. आता कुठं उभे आहात?” पुढचं त्यांच्यावर सोडा.

पेटीत दहा टीमसाठी दहा पाकिटं. पहिला नंबर कोणाचाच नाही. पैशाचं बक्षीस ठेवलंत तर पुढच्या वेळी पैशासाठी येतील. पाकिटात पुढच्या नाटकाच्या तालमीचं बोलावणं ठेवा: लाइट ऑपरेटरच्या शेजारी बसायचं, मेकअप बघायचा, सेट लावायला हात द्यायचा. उरलेला वेळ नटांशी गप्पांना. गुडघ्यावर हात ठेवून उकिडवं बसलेल्या पोरांना ‘सर, रडायला खरंच येतं का?’ हा प्रश्न विचारायचा असतो, आणि तो ते प्रेक्षागृहात माईकवर कधीच विचारणार नाहीत.

हिशेब

खर्च फार नाही: कार्डांची छपाई, कुलूप, पेटी कोणाच्या तरी माळ्यावर असतेच, आणि नटांचा चहा. वेळ मात्र जातो. दोन माणसं महिनाभर यालाच लागतात, आणि ती नाटकात काम करणारी नसावीत.

किती पोरं आली हे मोजून फुशारकी मारू नका. खेळ होता म्हणून आली. पुढच्या, खेळ नसलेल्या प्रयोगाला चाळीसपैकी किती आली, ते खिडकीवर नाव विचारून मोजा. कमी आली तर कोडी अवघड करून उपयोग नाही. बहुतेक वेळा प्रयोगाची वेळ किंवा परतीची गाडी आडवी आलेली असते, तिथे लक्ष घाला. आणि तालमीला जी दोन-तीन पोरं टिकली, त्यांच्याकडे पुढच्या नाटकाची संहिता द्या आणि पुढचा खेळ त्यांनाच रचू द्या. चारच अटी सांगा: नाटक आधी वाचायचं, दिग्दर्शकाला विचारायचं, रूळ-नदीकडे जायचं नाही, आणि कुलपाचा आकडा दोघांनाच माहीत हवा.